संगणकाची नवी आवृत्ती : एक अभ्यास, एक अनुभव

'जुने ते सोने' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संगणकाच्या बाबतीत मात्र ती नेहमीच खरी ठरते असे नाही. घरच्या संगणकावरील लिनक्स प्रणाली नव्या आवृत्तीत कशी न्यावी, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी; चूकभूल गुरुजनांनी पोटात घालावी.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. बारावीनंतर वडिलांनी लातुरातून एक वापरलेला संगणक आणून दिला. त्यावर उबुंटू २०.०४ होते. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. त्यावर उभ्या राहिलेल्या अनेक प्रणालींपैकी उबुंटू एक. ती २००४ साली आली, विनामूल्य आहे. आपल्या सी-डॅक संस्थेची 'बॉस' ही प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे.

आवृत्तीच्या आकड्यातच तिची जन्मतारीख असते : २०.०४ म्हणजे एप्रिल २०२०. दर दोन वर्षांनी एक दीर्घ मुदतीची आवृत्ती निघते व तिला पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. माझ्या आवृत्तीची ही मुदत मे २०२५ मध्ये संपली. संगणक चालतच होता. पण कुलूप गंजले तरी दार बंदच दिसते, तशातला तो प्रकार!

नियम असा की पायरी गाळता येत नाही. २०.०४ वरून आधी २२.०४ आणि मग २४.०४. प्रथम आपल्या फायलींची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी; डिस्कवर मोकळी जागा आहे का ते पाहावे; चालू आवृत्तीच्या राहिलेल्या दुरुस्त्या करून घ्याव्यात; मगच नव्या आवृत्तीची आज्ञा द्यावी.

२०२५ च्या दिवाळीच्या सुटीत नांदेडहून गावी गेलो आणि उत्साहाच्या भरात पहिलीच गोष्ट विसरलो. मोबाइलच्या नेटवर सारे उतरवून घेतले, काम निम्म्यावर आले आणि वीज गेली! वीज आल्यावर पडदा काळाच. त्या संगणकात माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. मीच ध्वनिमुद्रित केलेल्या. आजी आता नाही. आई दारात उभी राहून एवढेच म्हणाली, "आजीचा आवाज गेला का रे?" मला उत्तर देता येईना.

रात्री थोडे वाचून धीर केला. संगणक सुरू होताना दुरुस्तीचा पर्याय निवडता येतो. तेथे अर्धवट बसलेले भाग पुरे करण्याची सोय आहे. ती वापरली. तासाभराने पडदा उजळला. आवृत्ती बदलताना प्रणालीच्या फायली बदलतात, आपल्या घरखणातील फायलींना सहसा धक्का लागत नाही, हे मला तेव्हा कळले. पण 'सहसा' या शब्दावर आजीचा आवाज टांगून ठेवणे बरे नव्हे. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवर दोन प्रती केल्या, एक आईजवळ ठेवली आणि मगच २४.०४ ची पायरी चढलो.

मित्रहो, नव्याकडे अवश्य जावे. पण पायरी गाळू नये, आणि निघण्यापूर्वी आपली पुंजी सांभाळून ठेवावी. मला वाटते, हा धडा केवळ संगणकापुरता नाही.