घरातले चार फोन आणि वर्षाचा हिशेब

घरात चार मोबाइल असले की महिन्यातून चार वेळा रिचार्ज करावा लागतो. कोणाची मुदत कधी संपते हे लक्षात राहत नाही, आणि गल्ल्यातून दोनशे-तीनशे रुपये निघून जातात ते रोजमेळात कुठे दिसतही नाहीत. अशा वेळी कंपनीचा माणूस दुकानावर येऊन 'सगळ्या घराचे एकच बिल' म्हणून फॅमिली प्लॅन समजावू लागला की तो पटकन पटतो. परंतु पटणे वेगळे आणि परवडणे वेगळे. आमच्या वाचकांत बागवान आहेत, आतार आहेत, मालेगाव-भिवंडीचे यंत्रमागवाले आहेत. माल घेताना पैशापैशाचा भाव करणारी ही मंडळी फोनच्या बाबतीत मात्र पत्रकावर छापलेला आकडाच खरा मानून चालतात. म्हणून या वेळी आपण चार जणांच्या घराचा वर्षाचा हिशेब मांडून पाहू.

कापडाचा व्यापारी दोन ठाणांचा मीटरचा भाव नुसता शेजारी शेजारी ठेवून निर्णय घेत नाही. तो आधी पन्हा बघतो. फोनच्या प्लॅनचाही पन्हा असतो, आणि तो प्रत्येक पत्रकात वेगळा असतो.

पहिला फरक कराचा. मोबाइल सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. प्रीपेडच्या रिचार्जची जी किंमत सांगतात तिच्यात हा कर धरलेला असतो. पोस्टपेडचा दर मात्र कर सोडून सांगतात. फॅमिली प्लॅन हे पोस्टपेडच असतात, त्यामुळे '४४९ रुपये' असे वाचले तरी बिल ५२९ रुपये ८२ पैशांचे येते. छापील आकड्याला १.१८ ने गुणल्याशिवाय पोस्टपेडची प्रीपेडशी तुलना होऊच शकत नाही.

दुसरा फरक दिवसांचा. पोस्टपेडचा महिना हा खरा महिना असतो, वर्षाला १२ बिले. प्रीपेडचा नेहमीचा 'महिना' २८ दिवसांचा असतो आणि वर्षात असे १३ महिने भरावे लागतात. म्हणजे २९९ रुपयांचा रिचार्ज वर्षाला ३,८८७ रुपये खातो, खऱ्या महिन्याला सुमारे ३२४ रुपये. तेरावा महिना कोणी सांगत नाही. ग्राहकांच्या तक्रारींनंतर २०२२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतन होणारा रिचार्ज ठेवायला लावले. ते मिळतात, पण मागावे लागतात.

आता प्रत्यक्ष दर. जिओ आणि एअरटेलने ३ जुलै २०२४ पासून आणि व्होडाफोन आयडियाने दुसऱ्या दिवसापासून दर वाढवले. आम्ही त्या वेळी लागू झालेले दर उदाहरणासाठी घेतले आहेत. दर पुन्हा बदलतात, तेव्हा वाचकांनी रीत इथली घ्यावी आणि आकडा सौद्याच्या दिवशीचा घालावा.

समजा घरात चार नंबर आहेत : दुकान चालवणारे अब्बा, घर सांभाळणारी अम्मी, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि आजी.

जिओच्या फॅमिली प्लॅनमध्ये मुख्य नंबरला ४४९ रुपये आणि प्रत्येक जादा नंबरला १५० रुपये, असे तीन जादा नंबर घेता येतात. चौघांचे ८९९ झाले. कर धरून १,०६०.८२. वर्षाचे १२,७३० रुपये. डेटा मुख्य नंबरचा ७५ जीबी आणि प्रत्येक जादा नंबरमागे ५ जीबी, एकूण महिन्याला ९० जीबी. एअरटेलचा चार नंबरांचा प्लॅन १,१९९ रुपयांचा, डेटा १९० जीबी. कर धरून वर्षाचे १६,९७८ रुपये. व्होडाफोन आयडियाचा चौघांचा प्लॅन १,२०१ रुपयांचा, म्हणजे वर्षाचे १७,००६. नुसत्या पैशाने पाहिले तर जिओ सव्वाचार हजारांनी स्वस्त दिसते, पण एअरटेल दुपटीहून जास्त डेटा देते. तो डेटा आपल्या घरात खपतो का, हा खरा प्रश्न आहे. न खपणारा माल स्वस्तात घेतला तरी तो महागच.

आता तेच घर प्रीपेडवर मांडू. अब्बांना दिवसभर गिऱ्हाइकांचे फोन, व्हॉट्सअ‍ॅपवर मालाचे फोटो आणि क्यूआर कोडवरचे पैसे. त्यांना रोज दीड जीबी पुरते, जिओचा २९९ चा रिचार्ज. वर्षाचे ३,८८७. अम्मीला २८ दिवसांत २ जीबीचा १८९ चा पुरतो, वर्षाचे २,४५७. मुलाला रोज २ जीबीचा ३४९ चा, वर्षाचे ४,५३७. आजी साधा बटणांचा फोन वापरतात. त्यांना डेटा लागतच नाही, आणि तरी कित्येक वर्षे अशांना डेटासह रिचार्ज घ्यावा लागे. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे रिचार्ज ठेवणे सक्तीचे केले. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने ३६५ दिवसांचा असा रिचार्ज १,८४९ रुपयांना आणला. प्रीपेडमध्ये चौघे एकाच कंपनीचे असण्याची सक्ती नाही, तेव्हा आजींसाठी तो धरू.

बेरीज करा : ३,८८७ अधिक २,४५७ अधिक ४,५३७ अधिक १,८४९. एकूण १२,७३० रुपये. जिओच्या फॅमिली प्लॅनचा आकडा रुपयाला रुपया तोच! हा निव्वळ योगायोग आहे (आम्ही बेरीज दोनदा तपासली), पण तो उपयोगी आहे. पैसे सारखे झाले की बाकीच्या गोष्टी उघड्या पडतात.

डेटाच पहा. प्रीपेडमध्ये २८ दिवसांत ४२ अधिक २ अधिक ५६, म्हणजे १०० जीबी मिळाले, फॅमिली प्लॅनपेक्षा जास्तच. परंतु प्रीपेडचा रोजचा वाटा रात्री बारा वाजता संपतो. शुक्रवारी दुकान अर्धा दिवस बंद होते म्हणून वाचलेला डेटा शनिवारी मिळत नाही. पोस्टपेडचा वाटा महिन्याचा असतो. चार दिवस कमी वापरला तर पाचव्या दिवशी कामी येतो. ज्याचा वापर एकसारखा नाही, लग्नसराईत किंवा ईदच्या आधी दहा दिवस धावपळ आणि मग शांतता, त्याला महिन्याचा वाटा सोयीचा. उलट मुलगा रोज रात्री व्हिडिओ बघत असेल तर रोजची मर्यादा हाच त्याला लगाम. पोस्टपेडमध्ये वाटा संपला की जादा वापराचे पैसे बिलात चढतात, जिओत दर जीबीला १० रुपये. प्रीपेडमध्ये वेग मंद होतो, बिल वाढत नाही.

मग घराचा खरा वापर कळावा कसा? फोनच्या सेटिंगमध्ये 'डेटा वापर' म्हणून जागा असते, तिथे महिन्याचा आकडा दिसतो. चौघांचे आकडे एका कागदावर लिहून घ्यावेत. आमचा अनुभव असा, की घरातला बहुतेक डेटा एकच माणूस खातो आणि बाकीचे त्याच्या मापाने रिचार्ज करत बसतात. घरात किंवा वरच्या मजल्यावर दुकानाचे वायफाय आधीच असेल तर हिशेब आणखी बदलतो. तिघांना १८९ चा पुरला आणि आजींचा १,८४९ चा ठेवला तर वर्षाचे ९,२२० रुपये होतात, म्हणजे साडेतीन हजार वाचले. मात्र केवळ यासाठी नवीन वायफाय बसवू नये, त्याचे भाडे ही बचत खाऊन टाकील.

फॅमिली प्लॅन वाईट असा मात्र याचा अर्थ नाही. आजी-अम्मीसकट चौघेही रोज दीड जीबी वापरणारे असतील तर एअरटेलच्या प्रीपेडवर माणशी ३४९ प्रमाणे वर्षाचे १८,१४८ रुपये होतात, आणि फॅमिली प्लॅन १६,९७८ ला पडतो. जिओवरही तसेच : प्रीपेडचे १५,५४८, फॅमिलीचे १२,७३०, फक्त तिथे जादा नंबरांचा वाटा तोकडा आहे. म्हणजे सगळे सारखे वापरणारे घर असले तर फॅमिली प्लॅन, आणि एक खूप व बाकीचे थोडे वापरणारे असले तर सुटे रिचार्ज, असा साधारण ठोकताळा धरता येईल. बीएसएनएलने जुलै २०२४ मध्ये दर वाढवले नाहीत, त्या एका महिन्यात तिचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले. तिथला भाव स्वस्त, पण आपल्या गल्लीत आणि तळमजल्यावरच्या कारखान्यात रेंज येते का, हे शेजाऱ्याचा फोन घेऊन आधी पाहावे.

३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. त्या जमान्यात आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. ते २००३ साली बंद झाले. मिस्ड कॉल देण्याची खोड तेव्हाची.

आता पैशाहून मोठी बाब. फॅमिली प्लॅनमध्ये बिल एकाच्या नावाने येते. ते थकले की चारही फोन धोक्यात, दुकानाचा नंबरसुद्धा. आज बँक, आधार, क्यूआर कोड आणि उधारीवाल्या गिऱ्हाइकांची यादी, सगळे त्या एका नंबरला बांधलेले असते. शिवाय जादा सिम कोणाच्या नावावर निघते हे विचारूनच घ्यावे. धाकट्या भावाचा नंबर थोरल्याच्या नावावर असला आणि उद्या दुकाने वेगळी झाली, किंवा मुलगी लग्न होऊन सासरी गेली, तर नंबर नावावर करून घेण्याची धावपळ नंतर नको. एका नावावर महाराष्ट्रात जास्तीत जास्त ९ सिम ठेवता येतात. एकत्र कुटुंबात ही हद्द वाटते त्यापेक्षा लवकर येते. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर पाहता येते.

याच कारणाने दुकानाचा नंबर फॅमिली प्लॅनमध्ये घालू नये असे आमचे मत आहे. ज्यांची जीएसटी नोंदणी नियमित पद्धतीची आहे त्यांनी धंद्याचा नंबर पेढीच्या नावे पोस्टपेडवर स्वतंत्र घ्यावा आणि बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. ३४९ च्या प्लॅनवर महिन्याला ६२.८२ रुपये कर बसतो. धंद्याच्या वापराचा असल्याने त्याची वजावट मिळते, वर्षाला सुमारे ७५४ रुपये. घरच्या नंबरांवरच्या कराची अशी वजावट घेता येत नाही. कंपोझिशन योजनेतल्यांना आणि नोंदणी नसलेल्या कारागिरांना हा लाभ नाही, पण त्यांचीही वही निराळी राहते हे काही कमी नाही.

कंपनी बदलायचीच ठरली तर नंबर तोच ठेवून बदलता येते. PORT ही इंग्रजी अक्षरे आणि पुढे आपला नंबर असा संदेश १९०० वर पाठवला की एक संकेत क्रमांक येतो, तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. पोस्टपेडचे थकलेले बिल आधी भरलेले हवे. नंबर सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेला असावा लागतो, आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर हलवता येत नाही. ९० दिवसांची अट नव्या कंपनीतही लागते, तेव्हा चारही नंबर एकदम हलवू नयेत. आधी घरातला सर्वांत कमी महत्त्वाचा नंबर नेऊन महिनाभर रेंज पाहावी, आणि दुकानाचा नंबर शेवटी न्यावा.