कंडोम फाटला, आता काय?

प्रश्न : मी तृतीयपंथी, मुळशीत पौडजवळ राहते. परवा रात्री कंडोम फाटला. तपासणीला गेले तर गावात बोभाटा होईल?

उत्तर : ताई, तुम्हाला फोनवर लगेच कळवलंच, इतरांसाठी इथे लिहिते. एचआयव्ही रोखणारी 'पेप' औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, मग २८ दिवस रोज. पुण्याचं ससून रुग्णालय गाठा, उद्यावर टाकू नका. हार्मोन्स घेत असाल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. आजचा निगेटिव्ह अहवाल पुरेसा नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, सिफिलिसही. बोभाट्याची भीती मी समजू शकते, पण २०१७च्या एचआयव्ही कायद्याने तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावाच लागतो. शंका असेल तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर मोफत विचारा.