ब्राउझरमधील रुग्णनोंदींचा संचय : परीक्षण व उपाययोजना

रुग्णपत्रकाचे महत्त्व वैद्यबंधूंना नव्याने सांगणे नको. आर्वी, आष्टी, कारंजा अशा तालुक्यांत इंटरनेट खंडित झाले तरी नोंद थांबू नये, यासाठी अनेक वेब-प्रणाली नोंदी प्रथम ब्राउझरमध्येच साठवितात व संपर्क येताच मुख्य सर्व्हरकडे पाठवितात. या स्थानिक संचयास ‘इंडेक्स्ड डीबी’ म्हणतात. त्याचे प्रमाणित स्वरूप २०१५ मध्ये निश्चित झाले. नोंद दिसेनाशी झाली की पुष्कळदा घाईने ‘कुकीज व साइट डेटा’ पुसला जातो. हे निदानापूर्वीच शोधन देण्यासारखे होय. सर्व्हरकडे न गेलेल्या नोंदी त्यात कायमच्या नष्ट होतात. म्हणून त्रिविध परीक्षेच्या धर्तीवर पुढील क्रम सुचवितो.

प्रश्न : नोंद याच संगणकावर, याच ब्राउझरमध्ये, याच पत्त्यावर केली होती काय? प्रत्येक पत्त्याचा संचय स्वतंत्र असतो; ‘एचटीटीपी’ व ‘एचटीटीपीएस’ यांचेही संचय भिन्न. खासगी खिडकीतील संचय ती बंद होताच जातो. सफारीमध्ये २०२० पासून, त्या संकेतस्थळाचा वापर न होता ब्राउझर-वापराचे ७ दिवस गेल्यास संचय पुसला जातो.

दर्शन : प्रणालीचे पान उघडे ठेवून एफ-१२ कळ दाबावी. क्रोममध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन’, तर फायरफॉक्समध्ये ‘स्टोरेज’ विभागात इंडेक्स्ड डीबीतील तक्ते दिसतात. हे दृश्य जुने असू शकते; ‘रिफ्रेश’ अवश्य करावे. नोंद येथे असून पडद्यावर नसेल, तर दोष संचयाचा नसून शोधाचा वा मांडणीचा समजावा. ‘पंचकर्म’ व ‘पञ्चकर्म’ हे शब्द आपल्याला एकच, पण संगणकास भिन्न आहेत. यावर उपाय म्हणजे व्याधिनामासोबत आयुष मंत्रालयाच्या २०१७ च्या ‘नमस्ते’ पोर्टलवरील संकेतांक लिहिणे. ‘कन्सोल’मध्ये ‘कोटा’ असा दोष दिसल्यास जागा अपुरी आहे, असे जाणावे.

स्पर्शन : प्रणालीच्या ‘एक्स्पोर्ट’ सोयीने नोंदींची प्रत घेतल्याखेरीज काहीही पुसू नये. ती सोय नसल्यास तक्त्यांची छायाचित्रे तरी घ्यावीत; ती तंत्रज्ञास पाठविताना रुग्णाचे नाव झाकावे. नवी आवृत्ती उघडताना अडकल्यास त्याच प्रणालीचे अन्य टॅब बंद करावेत. जुनी आवृत्ती उघडी असल्यास संचयाचे नवीकरण थांबते. जागा अपुरी असल्यास डिस्कवरील इतर अनावश्यक फाइली काढाव्यात. संचयास हात लावू नये.

ब्राउझर हे नोंदींचे तात्पुरते विश्रांतिस्थान आहे, कोठार नव्हे. दर आठवड्यास एक प्रत स्वतंत्र ठेवावी. पुढील भेटीत रुग्णाची पूर्वीची मात्रा व अनुपान हाती असणे, हेच या खटाटोपाचे प्रयोजन होय.