पन्हाळ्यावर घर घ्यावे काय?

नोकरी संपली की माणसाला दोन गोष्टी एकदम मिळतात. हातात फंडाचा पैसा येतो आणि मनाला सवड मिळते. मग वाटते, आता एखाद्या चांगल्या गावी जाऊन राहावे. हवा थंड असावी. जुनी देवळे असावीत. चार पाहुणे यावेत. विचार चांगला आहे. पण तो नीट तपासून पाहावा. आज आपण पन्हाळ्याचा दाखला घेऊ.

पन्हाळगड कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. आपल्याकडचे पुष्कळ गड आज ओस पडले आहेत. पन्हाळ्यावर मात्र अजून माणसे नांदतात. तिथे शाळा आहे, बाजार आहे, नगरपालिका आहे. गाव लहानच. २०११ च्या शिरगणतीत वस्ती सुमारे तीन हजार होती.

गडाचा इतिहास मोठा. शिलाहार राजा भोज याने तो बांधला. १६५९ साली शिवाजी महाराजांनी तो घेतला. १६६० साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. चार महिने वेढा हलेना. आषाढातल्या पावसात एका रात्री महाराज निसटले आणि विशाळगडाकडे गेले. महाराज सुखरूप पोचावेत म्हणून शिवा काशीद आणि बाजीप्रभू यांनी प्राण दिले. पुढे गड हातचा गेला. १६७३ साली कोंडाजी फर्जंद याने साठ माणसांनिशी तो परत जिंकला. कवी मोरोपंत १७२९ साली इथेच जन्मले. तीन दरवाजा, अंधारबाव, धान्याचे अंबरखाने अजून उभे आहेत. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जगाचा वारसा म्हणून मानले. त्यांत पन्हाळा आहे.

असे गाव कोणाला आवडणार नाही? पण पाहायला जाणे वेगळे आणि राहायला जाणे वेगळे.

समजा, एक एस. टी. ड्रायव्हर निवृत्त झाला. तो घरी येऊन म्हणाला, “अगं, गावचे घर विकू. फंडाची भर घालू. गडावर घर घेऊ.”

बायको म्हणाली, “अहो, तुम्ही गड कधी पाहिलात? उन्हाळ्यात ना? मग एकदा आषाढात चला.”

बाई शहाणी होती. गडावर पाऊस फार. दिवसेंदिवस धुके उतरते. भिंतींना ओल येते. कपडे वाळत नाहीत. संधिवात आणि दमा असलेल्या माणसाचे हाल होतात. २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीने गडावर जाणारा रस्ता खचला आणि गाड्या बंद झाल्या. मोठ्या दुखण्याला तर कोल्हापूरच गाठावे लागते. रात्री छातीत दुखू लागले तर नेणार कोण आणि कशातून? हे आधी ठरवावे.

दुसरी गोष्ट सुट्टीच्या गर्दीची. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. गर्दीमुळे गावाचे पोट चालते, हे खरे. खानावळवाले, गाइड, सगळे त्यावर जगतात. तेव्हा तिथे राहायचे तर गर्दीवर रागावून चालायचे नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. ही नीट ध्यानात ठेवा. गडाच्या वास्तू केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याने रक्षिलेल्या आहेत. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. रक्षिलेल्या वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. तिथले जुने घर दुरुस्त करायलाही परवानगी लागते. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधायचे तरी परवानगी लागते. परवानगीवाचून बांधले तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. दलाल म्हणेल, “काका, वर एक मजला सहज चढेल.” त्याला म्हणावे, “बाबा, परवानगीचा कागद दाखव.” तोंडी शब्दावर इसार देऊ नये. सात-बारा किंवा मिळकत पत्रिका स्वतः वाचावी. घेणाऱ्याचे नाव, देणाऱ्याचे नाव, क्षेत्र, बोजा, सगळे पाहावे. आता आपल्याला वाचता येते, ते याचसाठी.

चौथी गोष्ट मागच्या घराची. गावचे घर घाईने विकू नये. मुलाच्या नावे करून द्यायचे झाल्यास कागदात स्पष्ट लिहावे, “मुलाने आम्हांला सांभाळावे, या अटीवर देत आहोत.” २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याप्रमाणे, अशी अट घालून दिले आणि मुलाने सांभाळले नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. त्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. मुलावर विश्वास असावा, पण अट लिहिलेली असावी. लिहिलेल्या अटीने कोणाचे प्रेम कमी होत नाही.

मग काय करावे? आधी एक वर्ष भाड्याने राहून पाहावे. उन्हाळा, पाऊस, थंडी, तिन्ही ऋतू काढावेत. शेजारी जोडावेत. मन रमले, अंगाला मानवले, तर घर घ्यावे. नाही मानवले तर आपले गावचे घर आहेच. फंडाचा पैसा एकदाच येतो. तो सगळा भिंतींत घालू नये. औषधपाण्यापुरता बाजूला ठेवावाच.

आणि गडावर राहिलात तर रिकामे बसू नका. शाळेची मुले गड पाहायला येतात. त्यांना खरा इतिहास सांगा. तटावर नावे कोरणाऱ्याला अडवा. जुन्या गावात म्हाताऱ्या माणसाला मान मिळतो, तो असल्या कामाने.

सांगा पाहू :
१. बायकोने आषाढात गड पाहायला का सांगितले?
२. रक्षिलेल्या वास्तूपासून किती अंतरात नवे घर बांधता येत नाही?
३. मुलाला घर देताना कागदात काय लिहावे?
४. तुमच्या घराचा सात-बारा किंवा उतारा काढा. त्यावर कोणाचे नाव आहे, ते वाचून वर्गात सांगा.

शब्दांचे अर्थ :
इसार – सौदा पक्का करताना आधी दिलेली रक्कम
बोजा – जमिनीवर किंवा घरावर असलेले कर्ज
न्यायाधिकरण – ठरावीक तक्रारींचा निकाल देणारी सरकारी कचेरी