मंगळागौर खेळायची असते

चि. सौ. भाचीस अनेक आशीर्वाद.

श्रावणातल्या पहिल्या मंगळवारी तुझी मंगळागौर ठरली, हॉल घेतला, खेळ करणाऱ्या महिला मंडळाला आगाऊ पैसेही दिले, असे ताईने कळवले. फार आनंद झाला. त्या आनंदातच मावशी दोन गोष्टी सांगते आहे. त्या मोठेपणाचा आग्रह म्हणून घेऊ नकोस, पण मनावर मात्र घे.

लग्नानंतर पाच वर्षे करायचे हे व्रत. सकाळी पत्रींची पूजा, मग मुक्याने जेवण आणि रात्री जागरण. नुसते बसून रात्र जागवता येत नाही, म्हणून फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, किकीचं पान, गाठोडं असे खेळ. पण जागरण हे त्यांचे एकच कारण नव्हे. मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ वर्षे ठरवणारा शारदा कायदा झाला १९२९ साली. त्याआधी पूजेला बसणाऱ्या वशेळ्या कितीदा आठ-दहा वर्षांच्या पोरी असत. सासरी गेल्यावर पळणे, उड्या मारणे, खदखदून हसणे सगळेच बंद. अशा मुलींना या एका रात्री आपले बालपण हक्काने परत मिळे. सासू-सुनेच्या भांडणाचा खेळ रंगवताना एरवी ओठांवर न येणारे शब्द सगळ्यांच्या देखत म्हणता येत. बायकांच्या लोकगीतांत त्यांचा स्वतःचा आवाज कसा उमटला आहे, ते डॉ. तारा भवाळकरांनी ‘स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर’ या पुस्तकात मांडले आहे. सवड काढून ते वाच.

म्हणूनच मंगळागौर बघायची नसते, खेळायची असते.

मंडळांविषयी मावशीच्या मनात आदरच आहे. घरोघरच्या आज्या गेल्या, तशी गाणीही चालली होती. या बायकांनी ती पाठ केली, तालमी केल्या, विसरत चाललेले प्रकार टिकवले. २०२३ साली आलेल्या केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ या चित्रपटातही दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने एकत्र येतात. त्यांना जवळ आणते ते एकत्र खेळणेच. हॉलमध्ये मात्र व्यासपीठ येते, समोर खुर्च्यांच्या रांगा लागतात आणि ज्यांच्यासाठी खेळ मांडला त्याच मोबाइल धरून बसून राहतात.

तेव्हा मंडळाला आधीच सांग, एकेक खेळ दाखवा आणि लगेच आम्हाला खेळवा. खुर्च्या भिंतीला लावायच्या, मधली जागा मोकळी. सुरुवात झिम्म्याने करा, त्यात लाजरीही टाळी देते. अंग मोकळे झाले की फुगडी. हातांची अढी घालून मनगटे पक्की धरायची, चारही पावले जवळ जुळवायची, पाठ मागे टाकायची आणि मग गिरकी. जोडीदारणीवर पूर्ण भार टाकल्याशिवाय फुगडी फिरतच नाही. फरशी कोरडी ठेव, पाय अनवाणीच हवेत. काचेच्या बांगड्या चारच घाल. काष्ट्याची नऊवारी नेसलीस तर पाय मोकळे राहतील. गुडघे दुखणाऱ्यांना बैठ्या फुगडीचा आग्रह करू नका. त्यांना गाणी सांगू दे, कारण गाण्याचा पुढचा चरण त्यांनाच आठवतो.

तुझ्या सासूबाई अकोल्याच्या. त्यांच्या लहानपणी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसत. गाणी संपली की डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. आपल्याकडच्या भोंडल्यातही खिरापत अशीच ओळखायची असते. त्यांना ही गाणी आठवतात का, ते विचार. सुनेने विचारलेल्या एवढ्या एका प्रश्नाने किती दारे उघडतात, ते तुझे तुलाच दिसेल.

काकू दोन वर्षांपासून एकट्या आहेत. त्यांना ‘जरा स्वयंपाकघराकडे बघा’ असे कुणी म्हणू नये, ही जबाबदारी तुझी. पहिली फुगडी त्यांच्याबरोबर घाल. नवरा गेला म्हणून बाईचे खेळणे संपावे, ही रीत मोडायला तुझ्या मंगळागौरीपेक्षा चांगली जागा नाही. पुरुषांनाही बाहेर उभे करू नका. पंढरीच्या वाटेवर पागोटे घातलेले म्हातारे वारकरी एकमेकांचे हात धरून फुगडी घालतात, हुतूतू खेळतात. तिथे कुणालाही त्याचे नवल वाटत नाही.

रात्री उशिरा दमून सगळे बसतील, तेव्हा पत्त्यांचा जोड जवळ असू दे. मेंढीकोटाला चार जण लागतात, भिडू समोरासमोर. चारही दश्शा, म्हणजे मेंढ्या, एकाच बाजूला आल्या की दुसऱ्यांवर कोट. आजोबांचा भिडू म्हणून शाळकरी नातीला बसव. हुकूम कधी काढायचा आणि भिडूच्या हातात काय असेल याचा अंदाज कसा बांधायचा, हे ती त्यांच्या डोळ्यांकडे बघून शिकेल. लहानग्यांसाठी बदाम सात आणि गुलामचोर आहेतच. ज्याच्या हाती शेवटी गुलाम राहील त्याला घरभर चिडवतील, आणि तीच गोष्ट पुढच्या दिवाळीत पुन्हा निघेल. तुझ्या आईच्या आणि मावशीच्या लहानपणच्या बहुतेक गोष्टी अशाच पत्त्यांच्या डावांतून उरल्या आहेत. त्या दिवशी कुणाची कोणती साडी होती, हे आज दोघींनाही आठवत नाही.

छायाचित्रे काढा, पण पहिल्या तासात. मग सगळे फोन एका टोपलीत जमा करा.

मंडळाच्या प्रमुख बाईंना उद्याच फोन कर. अर्धा तास त्यांचा आणि पुढची रात्र आपल्या सगळ्यांची, एवढेच सांग.

तुझी,
मावशी