धाकट्याचं कौतुक, थोरल्याची घुसमट

प्रश्न : मी हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डर आहे. धाकट्या भावाला भिलाई स्टील प्लांटमध्ये कायम नोकरी लागली. आई-वडील येईल त्याला तेच सांगतात. मला हेवा वाटतो, मग प्रार्थनाही होत नाही. माझा विश्वास खोटा आहे का?
– एक वाचक, हथखोज (भिलाई)

उत्तर : नाही हो. हेवा वाटणं वेगळं, त्याला मनात घर करू देणं वेगळं. बायबलमधल्या उत्पत्तीच्या 4थ्या अध्यायात देव काइनाला सावध करतो, तेही त्याच्या हातून भाऊ हाबेलाचा खून होण्याआधी. लूकच्या 15व्या अध्यायातल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात आपण घरी परतलेल्या धाकट्याचीच गोष्ट सांगतो. पण त्याच्यासाठी मेजवानी होते म्हणून थोरला रुसून घराबाहेर थांबतो, तेव्हा ती सोडून बाप स्वतः त्याची समजूत काढायला येतो. मला ही जागा फार मोलाची वाटते. तुमची प्रार्थना तिथूनच सुरू करा. राग आहे तसा देवापुढे मांडा, मग भावाचं नाव घेऊन त्याच्यासाठी काही मागा. आई-वडिलांशी एकांतात बोला. ‘तुलना झाली की मला लागतं’, एवढंच. घर-जमिनीचा वाद असेल तर तो वेगळा, कागदावर सोडवा. झोप उडाली असेल किंवा स्वतःला, भावाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर पाळकांबरोबर डॉक्टरांनाही लगेच भेटा.