हेडफोन एक, कामं दोन



गेल्या महिन्याच्या बैठकांत तीन गटांनी एकच प्रश्न विचारला. आपण मोबाईलवर ओव्या, पाककृती, मालाची जाहिरात रेकॉर्ड करतो, त्यासाठी हेडफोन घ्यायचा आहे. एरवी शिवणकाम करताना गाणी ऐकायलाही तोच चालला पाहिजे. मग कोणता घ्यायचा? एका गटाने तर ठरावही लिहून ठेवलाय, फक्त रकमेची जागा कोरी आहे. म्हणून या वेळचा अभ्यास याच विषयावर.

आधी एक शंका. रेकॉर्डिंग माईक करतो, मग हेडफोन कशाला? कारण आपल्या कानाला घरातल्या आवाजांची सवय झालेली असते. फ्रीजची घरघर, पंखा, लांबची पिठाची गिरणी आपल्याला ऐकूच येत नाही. माईकला ही सवय नसते, तो सगळं घेतो. बरं, मोबाईलचा स्पीकर इतका छोटा की घरघरीसारखा जाड आवाज त्यातून बाहेरच पडत नाही. त्यामुळे स्पीकरवर ऐकलं तर रेकॉर्डिंग झकास वाटतं.

आपल्याच एका गटाचं असं झालं. ऐंशी पार केलेल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी दोन तास बसून घेतल्या. स्पीकरवर ऐकल्या, सगळ्या खूश. आठ दिवसांनी कुणीतरी हेडफोन लावून ऐकलं, तर प्रत्येक ओवीखाली भिंतीपलीकडच्या फ्रीजची घरघर. तोवर आजी उपचारासाठी लेकीकडे गेल्या होत्या. आता त्यांना दोन ओव्यांतच दम लागतो. पाककृती परत करता येते हो, पण हे कसं परत करणार?

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आज ‘पारी’ या संकेतस्थळावर आहेत. पण त्यातल्या काहीच आवाजात टिपलेल्या आहेत, बाकीच्या फक्त लिहिलेल्या. शब्द वाचायला मिळतात, चाल मिळत नाही. आपल्या हातात आज मोबाईल आहे, तर तो आवाज नीट घेऊया.

आता निवडीकडे. सगळ्यात आधी हेडफोनची वाटी बाहेरून बंद आहे का ते बघा. काहींच्या वाटीला बाहेरून जाळी असते. त्यांत गाणी मोकळी, छान वाटतात, पण आतला आवाज बाहेर सांडतो. मागे तबल्याचा ठेका लावून गात असाल, तर तो ठेका हेडफोनमधून सांडून पुन्हा माईकमध्ये जातो. म्हणून दोन्ही कामांना एकच घ्यायचा तर बंद वाटीचा घ्या. गाताना एक कान मोकळा ठेवायची सवय असेल, तर ती दुसरी वाटी डोक्यावर दाबून ठेवा, उघडी लोंबू देऊ नका.

दुसरं, वायरचाच घ्या. इथे पोरं घरात वाद घालतील, कारण त्यांना ब्लूटूथ हवा असतो. नुसती गाणी ऐकायला ब्लूटूथला माझा काहीच विरोध नाही. पण ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत थोडा उशिरा पोचतो. सेकंदाचा दहावा-पाचवा भाग म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण ठेका उशिरा ऐकू आला की गाणारी मागे पडते, आणि स्वतःचाच आवाज उशिरा कानात आला की जीभ अडखळते. शिवाय ब्लूटूथचा माईक वापरला तर बऱ्याच फोनवर आवाज फोनवर बोलल्यासारखा बारीक होतो.

तिसरं, डब्यावरचा ‘ओहम’चा आकडा. मोबाईलला ३२ ते ६० च्या आसपासचा चालतो. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रो या नावाचाच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत येतो. त्यातला २५० चा स्टुडिओच्या यंत्रावर उत्तम, पण मोबाईलला लावला तर आवाज हळू येतो. दुकानदार चांगला आहे म्हणून तोच हातात देईल, तर आकडा विचारा. ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स ४७ ओहमचा आहे आणि सोनीचा एमडीआर-७५०६ ६३ ओहमचा. दोन्ही बंद वाटीचे आणि रेकॉर्डिंगवाल्यांच्या वापरातले. सोनीचा महाग पडतो. आपल्या कामाला एम२०एक्सच्या जातीचा पुरे, असं माझं मत. त्याची वायर मात्र तीन मीटर आहे, रबर लावून गुंडाळून ठेवावी लागेल. वायर सुटी होणारा मिळाला तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही, कारण आधी वायरच तुटते.

‘एक्स्ट्रा बास’ लिहिलेला नको. त्यात ढोल घुमतो आणि लग्नात मजा येते, पण ओवीतले शब्द त्याखाली दबतात आणि रेकॉर्डिंगमधला दोषही कळत नाही. साधा हेडफोन पहिल्या दिवशी फिका वाटेल. चार दिवसांत कान रुळतो, मग गाण्यातली पेटी आणि टाळ वेगवेगळे ऐकू यायला लागतात.

दुकानात जाताना आपलंच एक रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये घेऊन जा. दुकानदाराच्या गाण्यावर काही ठरवू नका, ते तो निवडूनच लावतो. हेडफोन किमान दहा मिनिटं डोक्यावर ठेवा. कानातले, चष्मा, अंबाडा यांसकट बघा. वाटी कानावर टेकणारी असेल तर कुड्या टोचतात, अख्खा कान आत जाणारी बरी. पिनीवरचे काळे पट्टेही मोजा. तीन असले तर हेडफोनला स्वतःचा माईक आहे, आणि तो लावला की फोन बहुधा त्याच माईकवरून रेकॉर्ड करतो. फोनला गोल भोकच नसेल तर जोडणी वेगळी घ्यावी लागते, ती फोनला लावूनच तपासा.

आवाज किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, त्यापुढे कानाला धोका. आपल्याकडे डेसिबल मोजायचं यंत्र नाही, तेव्हा निम्म्याच्या थोडं वर एवढाच ठेवा. मिक्सर चालू असताना आवाज वाढवायचा मोह होतो, तेव्हा गाणं बंद करा.

हेडफोन गटाचा म्हणजे तो दहा डोक्यांवर फिरणार. तेलाने गादी लवकर फाटते, तर वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. कान वाहत असेल त्या ताईंनी तेवढे दिवस वापरू नये, आणि हे सांगायला लाजू नये. ठरावात रक्कम लिहिताना जोडणीचे पैसे त्यातच धरा. पावती आणि वॉरंटी कार्ड गटाच्या दप्तरात ठेवा. हेडफोन घरी नेणारीची सही वहीत तारखेसकट घ्या, अध्यक्षताई नेत असल्या तरी.